स्थळ पाहणी

मिसळ खाताना फोनवर बोलू नये, असं आई नेहमी सांगते. तिचं म्हणणं, ठसका लागतो. मला त्या दिवशी ठसका लागला खरा, पण तो फोनमुळे नाही. समोर बसलेल्या माणसामुळे.

जानेवारीचा दुसरा आठवडा होता. कोर्टाची दुपारची सुट्टी झाली की थंडीच्या दिवसांत वकिलांची अर्धी बार रूम समोरच्या मिसळीच्या हॉटेलात रिकामी होते. जागा मिळेल तिथे बसायचं, समोर कोण आहे ते बघायचं नाही. मी कोपऱ्यातल्या टेबलाशी बसले, पाव मोडला आणि उपेंद्र सरांना फोन लावला. उपेंद्र सर म्हणजे माझे सीनियर. चार वर्षं त्यांच्या हाताखाली काढल्यावर त्यांनी पहिल्यांदाच एक केस पूर्णपणे माझ्यावर सोपवली होती. वकीलपत्रावर एकटीचं नाव - ॲड. योगिनी बोरसे. दिवसातून दोनदा तरी फाईल उघडून मी त्या नावाकडे बघत असे.

"सर, ऑर्डर पुन्हा वाचली," मी सांगत होते. "चौथा परिच्छेद बघा. 'स्थळ पाहणी केली असता, अर्जदारास पूर्वेकडून नाल्याच्या काठाने पर्यायी रस्ता उपलब्ध असल्याचे दिसून येते.' सर, गोजराबाईंच्या शिवारात नालाच नाही. पूर्वेला विहीर आहे आणि तिच्यापुढे दुसऱ्याचा ऊस. ज्यानं ही ऑर्डर लिहिली ना, त्यानं शेत तर सोडाच, गावचा नकाशासुद्धा पाहिला नसेल. खुर्चीत बसून चहा पीत पीत लिहिलीय. असल्या माणसाला त्याच नाल्यात..."

"चहा मी पीत नाही," समोरून आवाज आला.

मी वर पाहिलं. तिशीचा असेल. पांढरा शर्ट, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, बोटाला निळ्या शाईचा डाग. मांडीवर लाल फडक्यात बांधलेली सरकारी फाईल.

"बाकीचं बरोबर आहे तुमचं," तो म्हणाला. "नकाशा पाहिला नव्हता. मी वाल्मीक आहेर, नायब तहसीलदार. ती ऑर्डर माझीच आहे."

इथे मला ठसका लागला. रश्शाचा असा ठसका की डोळ्यांतून पाणी. त्यानं पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला आणि मी पिऊन होईपर्यंत दुसरीकडे बघत राहिला. हे दुसरीकडे बघणं मला आवडलं, हे मी तेव्हा स्वतःशीही कबूल केलं नाही.

"वाक्य अर्धं राहिलं तुमचं," तो म्हणाला. "त्या नाल्यात - काय?"

"नालाच नाही म्हटल्यावर कशात ढकलणार?"

तो हसला. अगदी मोकळं. मग उठला, नमस्कार केला आणि फाईल काखेत मारून निघून गेला. फोनवर उपेंद्र सर विचारत होते, "योगिनी, कोणाशी बोलतेयस?"

तालुका कोणता ते विचारू नका. नाव सांगितलं तर लगेच कोणीतरी म्हणेल, आमच्याकडे असं होत नाही. गोष्ट एवढीच की गोजराबाईंची दोन एकर द्राक्षबाग होती. नवऱ्यामागे ती बाई एकटी ती बाग करत होती. बागेत जायचा रस्ता बांधावरून. तीस वर्षं त्या बांधावरून बैलगाडी गेली, नंतर पिकअप गेली. गेल्या वर्षी त्यांच्या चुलतदिराला, मल्हारीला, अचानक बांध आपला वाटायला लागला. त्यानं लोखंडी अँगल रोवून तारेचं कुंपण घातलं. गोजराबाईंनी तहसीलला अर्ज केला. तहसीलदार तीन आठवडे प्रशिक्षणाला गेले होते, कार्यभार आहेरांकडे होता, आणि त्या तीन आठवड्यांतच अर्ज फेटाळला गेला.

अशा ऑर्डरीविरुद्ध वर्षाच्या आत दिवाणी कोर्टात दावा लावता येतो. तो मी लावला, मल्हारीवर आणि सरकारवर. पण दाव्याचा निकाल लागायला वर्षं जातात आणि द्राक्षं कोर्टासाठी थांबत नाहीत. मार्चच्या पहिल्या आठवड्यात बाग काढणीला येणार होती. जिथे पिकअप पोचत नाही त्या बागेला व्यापारी हात लावत नाही. म्हणजे फेब्रुवारी संपायच्या आत कोर्टाकडून रस्ता तात्पुरता तरी मोकळा करून घ्यायचा, नाहीतर गोजराबाईंचं वर्षभराचं पीक वेलीवरच जाणार.

गोजराबाई पहिल्यांदा माझ्याकडे आल्या तेव्हा म्हणाल्या होत्या, "बाईमाणूस म्हणून नाय दिला मला रस्ता. मल्हारी गेला आसंल हाफिसात, बसला आसंल खुर्चीला खुर्ची लावून. मला कोन इचारतंय?"

"असं ऑर्डरीत लिहिलेलं नाहीये मावशी," मी म्हटलं होतं.

"लिव्हत्यात का आसं?"

मी वकीलपत्र त्यांच्यापुढे सहीला ठेवलं होतं.

पुढच्या तारखेला आहेर कोर्टात हजर. सरकारी वकिलांना फाईल दाखवायची होती म्हणे. त्याच्या पुढच्या तारखेलाही हजर. फाईल घेऊन शिपाईसुद्धा येऊ शकला असता, हे माझ्या ध्यानात जरा उशिरा आलं.

आमच्या कोर्टाच्या दगडी इमारतीत हिवाळ्यात गारठा असा भरतो की काळा कोटही कमी पडतो. व्हरांड्यात सकाळी एका खांबाशी दोन हात रुंदीचा उन्हाचा पट्टा येतो. तो पकडायला वकिलांची चढाओढ असते. त्या दिवशी तो पट्टा आहेरांनी पकडला होता. मी आले तसे ते काही न बोलता दोन पावलं सावलीत सरकले.

"राहू द्या, तुम्हीच उभे राहा," मी म्हणाले.

"नको. प्रतिवादी आहे मी... सवय व्हायला हवी."

"सरकार प्रतिवादी आहे. तुम्ही नाही."

"सही तर माझीच आहे ना."

मी उन्हात उभी राहिले. ते सावलीत. मध्ये एक हात अंतर. आमचा पुकारा व्हायला तास लागला, आणि त्या तासात मला कळलं की ते देवळ्याचे, घरी आई आणि चार एकर कांदा, स्पर्धा परीक्षा तिसऱ्या खेपेला निघाली, आणि चहा सोडण्याचं कारण म्हणजे अभ्यासाच्या दिवसांत त्यांनी तो इतका प्यायला की आता वासही नको. मधेच आईचा फोन आला. "जेवन व्हयनं का?" असा आवाज मलाही ऐकू आला. सकाळचे साडेअकरा वाजले होते. "व्हयनं, माय," ते म्हणाले आणि माझ्याकडे बघून जीभ चावली.

"खोटं बोललात," मी म्हणाले.

"शपथेवर नव्हतो."

मी हसले. मग मला आठवलं की हा माणूस समोरच्या बाजूचा आहे. मी फाईल उघडून वाचल्यासारखं केलं. फाईल उलटी होती, हे त्यांनीच सांगितलं.

न्यायाधीश मॅडम शांत होत्या. माझं म्हणणं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "वकीलबाई, जबाबदार अधिकाऱ्यानं स्थळ पाहणी केली असं लिहिलं असेल, तर ती झाली असंच कोर्ट आधी धरून चालणार. झाली नाही, असं तुम्ही म्हणता. सरकार काय म्हणतं ते लेखी येऊ द्या. मग तात्पुरत्या रस्त्याचं बघू." तारीख पडली चोवीस फेब्रुवारी.

म्हणजे सगळं येऊन थांबलं ते एका माणसावर. त्यानं लिहिलं 'पाहणी केली होती', तर गोजराबाईंची बाग गेली. त्यानं लिहिलं 'केली नव्हती', तर रस्ता मिळण्याची आशा... पण त्याची नोकरी अडचणीत. सही करून खोटं लिहिलं, असंच त्याचे वरिष्ठ म्हणणार. मी व्हरांड्यात आले तेव्हा खांबाशी ऊन होतं, माणूस नव्हता.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी शेतावर गेले होते. कुंपणाचे फोटो काढायचे होते. गोजराबाई वेलीखाली वाकून घड बघत होत्या. मण्यांत पाणी उतरलं होतं, हिरव्याचा रंग जरा पिवळसर व्हायला लागला होता. तेवढ्यात मोटरसायकलचा आवाज आला आणि आहेर उतरले. एकटेच. ना शिपाई, ना फाईल.

गोजराबाईंनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं. "हे तेच ना, खुर्चीवरचे?"

"हो," मी म्हणाले.

त्यांनी तांब्या भरून आणला. आलेल्याला आधी पाणी, मग बाकीचं, असा त्यांचा नेम. आहेरांनी पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला, तशा त्या म्हणाल्या, "आता चला सायेब. आमचा नाला दावा मला."

आहेर त्यांच्यामागे चालत गेले. पूर्वेच्या विहिरीशी उभे राहिले, पुढच्या उसाकडे बराच वेळ बघत राहिले. मग बांधावरून कुंपणापर्यंत आले, अँगल मोजले. कुंपणाच्या पलीकडे जुन्या चाकोऱ्या अजून स्पष्ट दिसत होत्या, दोन्ही बाजूंना गवत आणि मध्ये घट्ट झालेली माती. "तीस वर्षं तर नक्की," ते स्वतःशीच म्हणाले. गोजराबाई कामाला परत गेल्या. आम्ही दोघंच बांधावर राहिलो.

"कसं झालं हे?" मी विचारलं. वकील म्हणून विचारलं की आणखी काही म्हणून, मला ठाऊक नाही.

"त्या दिवशी एकवीस ऑर्डरी होत्या. कॉम्प्युटरवर जुन्या प्रकरणाचा मसुदा उघडायचा, नावं बदलायची, गट नंबर बदलायचे. कारकुनानं नावं बदलली... नाला राहून गेला. आणि मी सही केली."

"न वाचता?"

"शेवटची ओळ वाचली. 'अर्ज फेटाळण्यात येत आहे.' तेवढी वाचली की काम भागतं." ते कुंपणाच्या तारेकडे बघत बोलत होते. "न पाहता नाकारलं की समोरच्याचं काय होतं, हे खरं तर मला ठाऊक असायला हवं होतं."

"म्हणजे?"

"एक विचारू? केसबाहेरचं आहे."

"विचारा."

"तुमचं मूळ गाव नांदगावकडचं. वडील बँकेतून निवृत्त झालेत. बरोबर?"

"तुम्हाला कसं माहीत?"

"सव्वा वर्षापूर्वी, तुळशीच्या लग्नानंतर, देवळ्याहून तुमच्याकडे एक बायोडेटा आला होता. चार दिवसांनी निरोप आला... पत्रिका जमत नाही."

वकिली अंगात होतीच. "होतं असं," मी सावधपणे म्हणाले. "नाही जमत कधी कधी पत्रिका."

"होतं ना," ते म्हणाले. "फक्त आम्ही पत्रिका दिलीच नव्हती. माझ्या आईचा त्यावर विश्वास नाही."

मी खाली बसले, बांधावरच. साडी नाही, ड्रेस होता, तरी धुळीचा विचार मनात आला नाही. कोर्टात गेले महिनाभर मी ज्या नाल्यावरून ओरडत होते, तसाच एक नाला माझ्याही ऑर्डरीत होता, आणि ज्याला मी नाकारलं होतं तोच माणूस आज मला तो दाखवत होता.

आठवलं ते असं. सकाळची घाई, मी गळ्याला वकिलीचा पांढरा बँड बांधत होते. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "देवळ्याचे आहेर आहेत. मुलगा नायब तहसीलदार आहे. बघतेस का?" आणि मी म्हणाले होते, "आई, हल्ली लग्नपत्रिकेवरच छापतात, आहेर स्वीकारला जाणार नाही. तेच कळव." आई हसली. मी हसत हसत जिना उतरले. बायोडेटा उघडलासुद्धा नाही. आईनं आपल्या लोकांत जसं कळवतात तसं सभ्यपणे कळवून टाकलं.

हे सगळं मी त्यांना सांगितलं. खोटं सांगता आलं असतं, पण त्या बांधावर बसून ते जमेना.

आधी ते खूप हसले, अगदी तारेला धरून हसले. "आडनावावरून? कोटी केलीत आडनावावर?" मग हसणं हळूहळू थांबलं. "मला वाटलं होतं, वडील नाहीत म्हणून असेल. आईलाही तेच वाटलं. नंतर दोन ठिकाणी ती बायोडेटा द्यायलाच तयार नव्हती. म्हणायची, आधी विचारून घे, बिनबापाचं पोर चालतं का."

मला रडू आलं. खरंच आलं. कारण दिलं नाही की समोरचा माणूस स्वतःच कारण शोधत बसतो, आणि ते त्याला नेमकं स्वतःतच सापडतं. गोजराबाईंना वाटलं, मी बाई आहे म्हणून. त्या माउलीला वाटलं, पोराला बाप नाही म्हणून. आणि इकडे कारण काय, तर कुठे एक राहून गेलेला नाला, कुठे माझी एक फालतू कोटी. मी चार वर्षं अधिकाऱ्यांच्या ऑर्डरींना आव्हान देत होते. माझ्या ऑर्डरीविरुद्ध कोर्ट कुठलं, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

"माफ करा," मी म्हणाले. "तुमच्या आईंनाही सांगा माझ्या वतीनं."

"तुम्हीच सांगा कधीतरी." ते शेजारी बसले, एक हात अंतर ठेवून. बागेतून गोजराबाईंच्या बांगड्यांचा आवाज येत होता. "आणि आता?" त्यांनी हळूच विचारलं. "आता पाहिलंत ना स्थळ... मग?"

त्यांच्या आवाजात असं काही होतं की 'हो' अगदी ओठांवर आलं. मी ते गिळलं.

"आता मला काही विचारू नका," मी म्हणाले. "चोवीस तारखेला तुमचं लेखी उत्तर यायचंय. मी आज हो म्हणाले आणि तुम्ही खरं लिहिलंत, तर ते माझ्यासाठी लिहिलेलं होईल. नाही म्हणाले आणि तुम्ही खोटं लिहिलंत, तरी मीच कारण होईन. तुम्ही काय लिहायचं ते त्या विहिरीकडे बघून लिहा. माझ्याकडे बघून नको."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खरंच विहिरीकडे पाहिलं. "मग मीही काही विचारलं नाही," ते म्हणाले आणि उठले.

ते दोन आठवडे मी कसे काढले ते माझं मला माहीत. रोज व्हरांड्यातून जाताना खांबाकडे नजर जायची. ते एकदाही आले नाहीत. उपेंद्र सर म्हणाले, "हाताखालच्या मंडळ अधिकाऱ्यानं पाहणी केली होती, असं लिहून मोकळे होतील बघ. कोणाचंच नुकसान नाही, असं वाटतं ना त्यांना." मी मान हलवली. मला भीती कशाची होती हे मला चांगलं ठाऊक होतं. केस हरले असते तर दुःख झालंच असतं, पण बांधावर माझ्याशेजारी बसलेला माणूस खोटा निघाला असता, तर ते मला सोसलं नसतं.

चोवीस तारखेला सरकारी वकिलांनी दोन पानं दाखल केली. प्रत माझ्या हातात आली. मी सरळ चौथ्या परिच्छेदावर गेले.

'आदेशात नमूद केलेली स्थळ पाहणी प्रत्यक्षात झालेली नाही. सदर मजकूर दुसऱ्या प्रकरणातील असून मी तो न वाचता स्वाक्षरी केली आहे. त्यानंतर मी स्वतः जागेवर गेलो असता, तेथे नाला अथवा अन्य कोणताही पर्यायी रस्ता आढळून आला नाही. या चुकीस मी स्वतः जबाबदार आहे.'

'नजरचुकीने' हा शब्द मी शोधला. सरकारी कागदात तो असतोच. इथे नव्हता.

न्यायाधीश मॅडमनी ते दोनदा वाचलं. मल्हारीच्या वकिलांनी जोर लावला, पण कुंपणाखालून माती सरकली होती. दावा चालू असेपर्यंत दहा फूट रस्ता मोकळा ठेवावा, अशी ऑर्डर झाली. बाहेर आल्यावर मी गोजराबाईंना सगळं समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हंजी मी बाई हाय म्हणून नव्हं तर?"

"नाही मावशी. त्यांनी वाचलंच नव्हतं."

"येवढंच व्हतं?" त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "चार म्हैने मी सोताला कोसत व्हते, बाई."

त्यानंतरच्या आठवड्यात फोन आला. आहेरांचा. "कारणे दाखवा नोटीस मिळाली," ते म्हणाले, जणू भाजी आणल्याचं सांगत होते. "आणि सुरगाण्याला बदली. सोमवारी रुजू व्हायचंय."

मी ताडकन उठून बसले. "बदलीला आव्हान देऊ. खरं बोलल्याची शिक्षा आहे ही. प्रशासकीय न्यायाधिकरणात जाऊ, मी मसुदा करते आजच..."

"नको."

"का नको?"

"ऑर्डर चुकीची असली तर आव्हान द्यायचं. ही कडू आहे, चुकीची नाही. मी न वाचता सही केली होती, योगिनी." नावानं पहिल्यांदा हाक मारली होती त्यांनी. दोघांच्याही ते लक्षात आलं. "आणि तुम्हाला जे विचारायचं होतं... ते दाव्याचा निकाल लागेपर्यंत विचारणार नाही. वकीलबाईंनी साहेबाला गटवून लिहून घेतलं, असं लोक म्हणायला नकोत. गोजराबाईंच्या रस्त्यावर डाग नको."

"दिवाणी दावा आहे तो. निकाल लागेपर्यंत आपली नातवंडं..." मी जीभ चावली.

"कोणाची?"

"सर्वसाधारण बोलतेय मी."

"बरं," ते म्हणाले. हसत असावेत.

पण त्यांचं चुकत नव्हतं. मी रात्रंदिवस तेच घोळवलं. एक तर केस माझी, नाहीतर तो माणूस माझा. दोन्ही एकदम धरले तर मल्हारीच्या वकिलाला आयतं कोलीत. शेवटी मी उपेंद्र सरांकडे गेले आणि म्हणाले, "ही केस तुम्ही घ्या."

सरांनी चष्मा काढला. "तुझी पहिली केस आहे ही. जिंकत आलेली."

"हो सर."

त्यांनी माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं आणि जास्त विचारलं नाही. "पुरसीस लिही मग," म्हणाले. पुरसीस म्हणजे कोर्टाला द्यायचं दोन ओळींचं निवेदन. "पक्षकाराची सही घे. कारण काय ते खोलात लिहायचं नसतं. वैयक्तिक कारणास्तव, एवढं पुरे."

शेतावर गेले तेव्हा पिकअप थेट बागेत उभी होती. बाया घड काढून क्रेटमध्ये रचत होत्या. गोजराबाईंनी कागद हातात घेतला, उलटून पालटून पाहिला. "मला सोडून चालल्या? का पन?"

मी सांगितलं. आडवळणानं सांगायला गेले, पण त्यांच्यापुढे आडवळण चालत नाही.

"त्या नाल्यावाल्यापायी?"

"हो मावशी."

त्यांनी हात पदराला पुसले, पेन घेतलं, आणि सावकाश, एकेक अक्षर लावून सही केली. "मानूस चुकला, पन उन्हात येऊन उभा राह्यला," त्या म्हणाल्या. "जावा. उपेंद्र सायेबांचं मी बघते."

सोमवारी सकाळी मी ती पुरसीस दाखल केली. माझं नाव त्या फाईलवरून गेलं. शिक्का मारताना कारकुनानं वरही पाहिलं नाही. पुरसिशीची प्रत घेऊन मी कोर्टाच्या फाटकातून निघाले ती तशीच, काळा कोट आणि बँडसकट, सीबीएस एसटी स्टँडवर. त्यांनी फोनवर सांगितलेली सुरगाण्याची गाडी लागलेली होती. आहेर खिडकीशी बसले होते, मांडीवर बॅग. मला बघून दारापाशी आले.

"तुम्ही? कोर्ट सोडून?"

मी कागद पुढे केला. पायरीवर उभं राहूनच त्यांनी तो वाचला. एकदा वाचला, परत वाचला. चेहऱ्यावरचं हसू आधी गेलं, मग डोळ्यांत काहीतरी आलं. "तुमची पहिली केस होती..."

"होती."

ते कागदाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "'वैयक्तिक कारणास्तव.' वकीलबाई, एवढ्यावर भागतं का? कारण नीट लिहायला हवं ना."

"कोर्टाला एवढंच सांगायचं असतं," मी म्हणाले. चार वर्षं भर कोर्टात बोलणारी मी, एका एसटीच्या दारात शब्द शोधत होते. "बाकीचं तोंडी आहे."

"मग बोला. ऐकतोय."

"कारण असं... की मी दोन पानांचा एक कागद वाचला. त्यात एका माणसानं स्वतःविरुद्ध चार ओळी लिहिल्या होत्या, कोणीही मागितल्या नसताना. त्या दिवशी मला कळलं की हा माणूस मला हवाय. माझं तुमच्यावर प्रेम आहे, वाल्मीक. आता मला विचारा काय विचारायचं होतं ते."

कंडक्टरनं घंटी मारली. "ओ साहेब, आत या नाहीतर खाली उतरा. दारात संसार नको."

वाल्मीक वळले. मला वाटलं, चालले. त्यांनी सीटवरची बॅग उचलली आणि खाली उतरले. गाडी धूर सोडत निघून गेली.

"अहो, तुमचं रुजू व्हायचं..."

"दुसरी गाडी आहे दीड तासानं." त्यांनी माझा हात हातात घेतला. मधलं एक हात अंतर पहिल्यांदाच संपलं. "लग्न करशील माझ्याशी?"

"हो," मी म्हणाले. त्यांचा हात मी आणखी घट्ट धरला.

आम्ही स्टँडवरच्या सिमेंटच्या बाकावर बसलो. आजूबाजूला पेठची, हरसूलची माणसं, पिशव्या, संत्र्यांची सालं, आणि मध्ये काळ्या कोटातली मी. थोड्या वेळानं मला एकदम धास्ती वाटली. "नव्या ठिकाणी पहिल्याच दिवशी उशीर. आधीच नोटीस आहे तुमच्यावर. उशिराचं कारण लेखी मागतील."

"मागतील ना."

"काय लिहाल?"

"जे झालं ते."

मी त्यांच्याकडे पाहिलं. गंमत करत असतील म्हणून निरखून पाहिलं. ते पुढच्या गाडीच्या पाटीकडे शांतपणे बघत होते, आणि मला कळून चुकलं की हा माणूस खरंच तसं लिहिणार आहे.